विषय : साखळी न सोडल्याबाबत

(पत्रातलं कुत्र्याचं नाव, रंग आणि घराचा भाग बदलला आहे. मुलीनं 'आता छापा' असं कळवल्यावरच पत्र आणि उत्तर छापत आहोत.)

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची, अकरावीत आहे. मी एक कादंबरी लिहितेय. म्हणजे सगळी पत्रंच आहेत, एका मुलीनं जुन्या मैत्रिणीला लिहिलेली. चौदा झालीत. शेवटी मैत्रिणीचं एकच पत्र येतं, त्यात ती म्हणते की तिला सगळं माहीतच होतं. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मॅडमनी पहिली पाच मागितलीत.

अडचण अशी की गोष्ट खरी आहे. २०१९ च्या पुरात मी दहा वर्षांची होते. आम्ही गावभागात राहायचो, मैत्रीण शेजारच्या घरात. तिचा कुत्रा टिप्या. नागपंचमीच्या संध्याकाळी ते लोक टेम्पोतून मिरजेला काकाकडं गेले. सामानामुळं टिप्याला जागा नव्हती आणि एका रात्रीचाच प्रश्न आहे असं सगळे म्हणत होते. जाताना ती मला म्हणाली, पाणी आत आलं तर साखळी सोड आणि त्याला आमच्या गच्चीवर घाल. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला घाईघाईनं बाहेर काढलं. बोटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. मी काहीच बोलले नाही. रात्री तिचा फोन आला, टिप्याला सोडलंस ना? मी म्हटलं, हो, सोडला, पळाला तो.

पूर ओसरल्यावर बाबांनी मला न् आईला दोन दिवस मामाकडंच ठेवलं, आधी एकटेच घर साफ करायला गेले. टिप्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मैत्रीण आता विश्रामबागला राहते. आम्ही अजून पक्क्या मैत्रिणी आहोत. तपकिरी कुत्रा दिसला की ती अजून सायकल थांबवते आणि पुढच्या पायावर पांढरा डाग आहे का बघते. गेल्या महिन्यात शंभर फुटी रोडवर थांबवली. मी मागं कॅरिअरवर होते.

अंकात छापून आलं तर ती वाचेल आणि तिला कळेल. मला तोंडानं सांगायला जमणार नाही, म्हणून वाटतं, कळू दे असंच. हे बरोबर आहे का? पत्रं कशी झालीत तेही सांगा, पहिली पाच पाठवतेय. पाऊस लागला की मला झोप येत नाही, हे घरी माहीत नाही.

(नाव छापू नका)

----

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

उत्तर आधीच सांगून टाकते, नाहीतर तू सगळं पत्र धाकधुकीत वाचशील. छापून कळवू नकोस. आधी सांग. छापायचं की नाही ते नंतर बघू.

तू म्हणतेस, कळू दे असंच. ते 'असंच' कसं होईल, हे मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. अंक निघेल, वर्गात गठ्ठा येईल. अनुक्रमणिकेत तुझं नाव बघून ती कौतुकानं पान उघडेल, कारण मैत्रीण आहे. शेजारच्या बाकावरची म्हणेल, कसलं भारी लिहिलंय गं हिनं, मी तर रडले. आणि तिसऱ्या पानावर हिला साखळी दिसेल. म्हणजे जी गोष्ट सगळ्यांच्या आधी तिला कळायची, ती अख्ख्या कॉलेजबरोबर कळणार, तीही तुझं कौतुक चालू असताना. कुत्रा तिचा होता गं. शिवाय तिनं येऊन विचारलंच, तर तुझ्याकडं चोरवाट तयार आहे: 'अगं, कादंबरी आहे ती!' छापण्यात तुला सुटल्यासारखं वाटतंय ते या चोरवाटेमुळंच, अशी मला शंका आहे.

मला लिहिलंस तेही त्यातलंच. चौदा पत्रं कादंबरीतल्या मैत्रिणीला, पंधरावं मला. जिला जायला हवं तिला एकही नाही.

आता पुराचं बोलू. तुझ्या डोक्यात दोन गोष्टींची गाठ बसलीय. आपल्या पेठेत दोन व्यवहार एका खात्यावर ओढत नाहीत, तसं आपणही नको करायला. साखळी सुटली नाही, हे एक खातं. 'सोडला' म्हणालीस, हे दुसरं.

पहिल्या खात्यात तुझ्या नावावर फार थोडं निघतं. २००५ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं. त्या पाण्याची खूण भिंतीवर दाखवणारी माणसं घरोघर होती, आणि त्या खुणेनंच २०१९ ला घात केला. 'तेव्हा इथवर आलं होतं, याच्या वर काय येतंय' म्हणत चांगली शहाणीसुरती माणसं चहा पीत बसून राहिली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ च्या वर गेलं. दिवसातून वीस वेळा एकमेकांना 'आयर्विनला किती?' विचारणाऱ्या अख्ख्या गावाचा अंदाज चुकला, तिथं एक मुकं जनावर दहा वर्षांच्या पोरीच्या भरवशावर ठेवून टेम्पो निघाला. त्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांच्या डोळ्यांपुढं एकच रात्र होती. पण ते काम तुझ्या वयाचं नव्हतं. बोटीत तू बोलली असतीस तर बोट मागं वळली असती का? मला नाही वाटत. वळलीही असती कदाचित. हे 'कदाचित' मला पुसून देता येणार नाही, तू ते बाळगायला शीक.

दुसरं खातं निराळं. त्या रात्री फोनवर जे बोललीस ते एका भेदरलेल्या पोरीनं बोललेलं आहे, ते मी त्या रात्रीपुरतं सोडून देईन. पण शंभर फुटीवर ती सायकल उभी करून कुत्र्याच्या पायाशी वाकली आणि तू कॅरिअरवर गप्प बसलीस, ते २०१९ मधलं नाही, गेल्या महिन्यातलं आहे. या खात्यावर रोज व्याज चढतंय. बरी गोष्ट एवढीच की ते बंद करणं तुझ्या हातात आहे.

यावरून माझं एक सांगते. हे मी फारशी कुणाजवळ बोललेले नाही. मी मूळची साताऱ्याकडची, जावळी तालुक्यातली. आमच्याकडं त्या काळी घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत असायचा. शेजारच्या म्हातारीचा मुलगाही होता. तिला वाचता येत नसे. त्याची पत्रं मी वाचून दाखवायची आणि ती सांगेल तसं उत्तर लिहायची. होते आठवीत, पण या कामामुळं आळीत माझा मान मोठा. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. लोक म्हणायचे, पंधरा दिवसांचा खेळ आहे. फेब्रुवारीत त्याचं आंतरदेशीय आलं. आतल्या घडीवर लिहिलं होतं, आता दोन-चार महिने मनीऑर्डर येईल असं धरू नका, नवं काही घेऊ नका. म्हातारी समोर पाय पसरून तांदूळ निवडत होती. "काय म्हंतोय?" म्हणाली. मी तेवढी ओळ गाळली. तिचा चेहरा पडू नये म्हणून गाळली, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तिचा पडलेला चेहरा मला बघायचा नव्हता.

त्याच महिन्यात तिनं उसनवारी करून म्हैस घेतली. मनीऑर्डरीच्या भरवशावर.

एप्रिलमध्ये मुलगा ट्रंक घेऊन दारात उभा. पत्र पोचलं नाही का, म्हणाला. पत्र कोनाड्यातच होतं. त्यानं काढलं आणि मोठ्यानं वाचलं. मी तिथंच होते, पळायलाही सुचलं नाही. म्हातारी चिडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, चांगल्यापायीच गाळलंस. पर म्या म्हस घेतली नसती."

खोटं बोलणाऱ्याला काय वाटतं, यावर सगळे बोलतात, तुझ्या चौदा पत्रांतही तेच असणार. पण त्या खोट्यावर विसंबून समोरचं माणूस काहीतरी करत राहतं, त्याचं काय? तुझी मैत्रीण सहा वर्षं सायकल थांबवतेय. ती तिची म्हैस आहे.

तर सांगायचं कसं. तोंडानं जमणार नाही म्हणतेस, ते मला पटतं. मग पत्र लिही, कादंबरीतलं सोडून दुसरं. गांधीजींच्या लहानपणचा प्रसंग शाळेत ऐकला असशील. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातून तुकडा काढला होता, भावाच्या डोक्यावरचं पंचवीसेक रुपयांचं देणं फेडायला. वडिलांपुढं जीभ रेटेना म्हणून चिठ्ठी लिहिली. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण ती चिठ्ठी उशाशी ठेवून ते पसार झाले नाहीत. आजारी वडिलांच्या हातात स्वतः दिली आणि समोर बसून राहिले. वडील उठून बसले, वाचली, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. बोलणं काही झालंच नाही. मला त्यातलं ते समोर बसणं महत्त्वाचं वाटतं. तुलाही तेवढंच करायचंय.

पत्र अर्ध्या पानाचं पुरे. साखळी मी सोडली नाही. बोटीत बसल्यावर आठवलं. 'सोडला' म्हणाले ते खोटं होतं आणि सहा वर्षं ते तसंच चालू ठेवलं. बस्स. आभाळ कसं होतं, तुझं काळीज कसं तुटलं, हे तिथं नको. ते तुला फार छान लिहिता येतं, म्हणूनच नको. आणि सुरुवात 'मला माफ कर' अशी करू नकोस. ते वाचलं की त्या बिचारीला टिप्याचं रडू गिळून आधी तुला सावरावं लागेल. माफी शेवटच्या ओळीत माग आणि लगेच उत्तराची अपेक्षा ठेवू नकोस.

दिवस साधा बघ. वाढदिवस नको, पेपरच्या आदली संध्याकाळ नको. हरिपूरला संगमावर जात असाल तर घाटाच्या पायऱ्यांवर बसा, नदी नको वाटली तर तिच्या घरचा जिनाही चालेल. कागद हातात दे आणि ती वाचेपर्यंत दुसरीकडं बघ. ती ओरडेल, उठून जाईल, महिनाभर बोलणार नाही. जाऊ दे तिला. मागोमाग 'वाचलंस का', 'रागावलीस का', 'बोल ना गं' यांतला एकही मेसेज धाडायचा नाही.

हे सदर तुझ्या वयाच्या बाकीच्या मुलंमुलीही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी मधेच एक. कुणा मोठ्या माणसानं 'हे कुणाला सांगायचं नाही हं' म्हणून तुमच्या गळ्यात बांधलेलं गुपित असेल, तर माझं वरचं काहीही त्याला लागू नाही. ते गुपित तुमचं नाही आणि त्यातला अपराधही तुमचा नाही. विश्वासातल्या मोठ्या माणसाला आजच सांगा, तसं कुणी नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, रात्रीही लागतो.

आता तुझ्या पत्रांकडं येते. खरं सांगू, यावर बोलायला मी केव्हाची टपून बसलेय. तुझा हात चांगला आहे. बोटीशेजारून तरंगत जाणारा फ्रीज, त्याचं दार उघडं आणि आतल्या कप्प्यात अजून कोथिंबिरीची जुडी, हे वाचून मी चष्मा काढून थोडी बसले. असलं बसल्या जागी बनवता येत नाही.

पण पाचही पत्रांवर 'प्रिय सखी'? कुठली अकरावीतली मुलगी मैत्रिणीला सखी म्हणते? मराठी पत्रात मायन्याइतकी बोलकी जागा दुसरी नाही. आमच्या लहानपणी वडिलांना 'तीर्थरूप' आणि काकांना 'तीर्थस्वरूप' लिहायचं. यात उलटापालट झाली की घरभर हसू व्हायचं, कारण त्या एका शब्दात नातं असायचं. तुझ्या नायिकेच्या हातात हे हत्यार आहे, ते वापर. पहिल्या पत्रावर 'ए बाई' असू दे. मधे दोघींचं बिनसलं की 'कु. अमुक अमुक हिस, सप्रेम नमस्कार'. भांडणाचं एक वाक्य न लिहिता वाचकाला भांडण कळेल.

दुसऱ्या पत्रात लिहिलंयस, 'तुला आठवतच असेल, तुझे बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात कामाला होते आणि आपण शेजारी राहायचो.' अगं, तिचे बाबा काय करतात हे तिला माहीत नसणार का? तू हे तिच्या खांद्यावरून वाचकाला सांगतेयस आणि ते दिसतंय. पत्रांतून गोष्ट सांगणाऱ्या सगळ्यांना हा खड्डा लागतो. पत्र लिहिणारी एक तर समोरचीला ठाऊक नसलेलं सांगते, नाहीतर दोघींना ठाऊक असलेल्यावरून हुज्जत घालते. समजा ती म्हणाली, 'तुझे बाबा यार्डातून आले की टिप्या त्यांच्या अंगावर उडी मारायचा आणि पिवळा होऊन यायचा. तू त्याला हळदीचा कुत्रा म्हणायचीस. मला विचारशील तर तो चिखलाचा होता.' यार्ड आलं, हळद आली, बाबा आले, आणि तू माहिती दिलीस असं कुणाला वाटणारही नाही.

मग तो एक शब्द. 'अपराधीपणा'. पाच पत्रांत अकरा वेळा आलाय, मी मास्तरीण असल्यामुळं मोजला. ज्याला खरोखर काही लपवायचंय ते माणूस त्या शब्दाच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. ते भडंगाबद्दल लिहितं. क्लासची फी, गळणारे केस, मिरजेच्या काकूंनी लावलेलं लग्नाचं टुमणं, सगळं सगळं लिहितं. आणि सही करून झाल्यावर खाली 'ता. क.' म्हणून एक ओळ घसरते: 'काल बसस्टँडजवळ एक कुत्रा दिसला. तो नव्हता.' पत्रात जे लिहायची छाती झाली नाही ते ताज्या कलमात येतं. गुपिताच्या गोष्टीला याहून सोयीची जागा मराठीनं कुठली द्यायची? आणि तुझ्या पाच पत्रांत एकही ता. क. नाही!

फोन असताना या मुली पत्रं का लिहितात, हे वाचक विचारणारच. त्याचं उत्तर गोष्टीत हवं. फोनवर लिहिलेलं मागं घेता येतं, आणि मागं घेतल्याचा डागही तिथंच राहतो, हे नायिकेला चांगलं माहीत असणार. पण मला एक वेगळंच सुचलंय. तू नुकती दहावी झालीस, मागणीपत्र आणि विनंतीपत्र गिरवून गिरवून तुझी बोटं दुखली असतील. नायिकेला साध्या भाषेत कबुली जमत नाही ना? मग तिला परीक्षेच्या साच्यात देऊ दे. दिनांक. प्रति. विषय : साखळी न सोडल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, दि. ६ ऑगस्ट रोजी दुपारी आपला कुत्रा... वाचणारा आधी हसेल, आणि चौथ्या ओळीला ते हसू त्याच्या घशात अडकेल. तुझ्या गोष्टीत मला सगळ्यात वाचावंसं वाटतं ते हे पत्र, आणि ते तू अजून लिहिलेलंच नाहीस.

तारखा घाल. पुराची गोष्ट बिनतारखेची कशी चालेल? पाणी चढतं ते तारखांनीच चढतं. नागपंचमी २०१९ ला ५ ऑगस्टला होती. मला लिहिलेल्या पत्रात तू 'नागपंचमीच्या संध्याकाळी' म्हणालीस, आणि कादंबरीत त्याचं केलंस 'श्रावणातल्या एका उदास संध्याकाळी'. का? नागपंचमी म्हटलं की लाह्या आल्या, दिंडं आली, झोका आला, ओल्या मेंदीचे हात आले. मेंदीच्या हातांनी सामान कोण उचलणार? एक शब्द बदलून हे सगळं घालवलंस. जमलं तर नगर वाचनालयात जा आणि त्या आठवड्याचे पेपर काढून बघ. त्यांचीही हजारो पुस्तकं त्या पाण्यात भिजली. कागद भिजल्यावर त्याचं काय होतं हे तिथल्या माणसांकडून ऐकून घे. पत्रांची कादंबरी लिहितेस, तुला लागेल ते.

पाचव्या पत्रातलं घुंगरू काढ. गाळ उपसताना पट्ट्यातलं घुंगरू सापडतं आणि नायिका ते उशीखाली ठेवते. ते खरं नाही, हो ना? ते सिनेमातनं आलंय. तुझ्याजवळ त्याहून भारी वस्तू आहे, पहिल्या पत्रात अर्ध्या ओळीत टाकून पुढं गेलीस: 'साखळीची कडी गंजलेली, दाबायला दोन हात लागायचे.' ती कडी मोठ्या माणसाच्या हातांची होती. दहा वर्षांच्या बोटांना ती उघडली असती का, हे तू कुठंच विचारलेलं नाहीस. नायिकेला विचारू दे. तिला कुठल्याशा दुकानात तसली साखळी दिसू दे आणि ती दाबून बघू दे.

आणि एक बोलते ते थोडं लागेल. पाच पत्रं वाचून मला नायिकेचं वाईट वाटणं इंच न् इंच ठाऊक झालं. मैत्रीण कशी दिसते, ते नाही कळलं. टिप्या हे नाव कुणी ठेवलं, टेम्पोत चढताना तिनं मागं वळून पाहिलं का, काका-काकूंनी तिला काय सांगून गप्प केलं, काही नाही. ती नुसती ऐकून घ्यायला ठेवलीय. कबुलीची गोष्ट लिहिताना सगळ्यांचाच पाय इथं घसरतो, दोष सांगता सांगता माणूस स्वतःचीच आरती ओवाळायला लागतं. तिलाही मधे मधे पत्रं लिहू दे. तिच्या पत्रांत टिप्या जिवंत असेल. आपल्याला ठाऊक असेल, तिला नाही, आणि ती खुशाल लिहीत असेल की तो आता म्हातारा झाला असेल. तुझ्या पोखरणाऱ्या अपराधीपणाची मग गरजच पडणार नाही.

'मला माहीतच होतं' हा शेवट तर मला अजिबात चालणार नाही. तो तू नायिकेवर दया करून लिहिलायस. माहीत होतं, तर मग ती सहा वर्षं सायकल का थांबवत होती?

सांगून झाल्यावर हे पुन्हा लिहायला घे, पण लगेच नको. आणि खऱ्या मैत्रिणीनं दिलेलं खरं उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवू नकोस, ते तिचं आहे. छापू का, हे नंतर कधीतरी वेगळं विचार, कबुलीच्या दिवशी नव्हे. नको म्हणाली तर वही कपाटात. मॅडमना सांग, यंदा देता येत नाही. अंक काय, पुढच्या वर्षीही निघतो.

झोपेचं तू अगदी शेवटच्या ओळीत टाकलंस. बघ, ता. क. न लिहिताही तुला ते येतं. एवढं मात्र आईला आजच सांग, बाकीचं सांगायचं नसलं तरी चालेल. पाऊस लागला की झोप येत नाही, एवढंच. आपल्या गावात त्याचं कारण कुणाला विचारावं लागत नाही. तरीही तसंच चालू राहिलं, तर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

तुझी,
मावशी

ता. क. पूर ओसरल्यावर तुझे बाबा दोन दिवस आधी एकटेच घरी गेले, असं लिहिलंयस. शेजारच्या अंगणातली ती कडी त्या दोन दिवसांत कुणीतरी काढली असणार. त्यांना विचार, किती जोर लागला.